यहुदी संत रब्बी श्नेऊर झल्मान

जीव हा भगवंताचा अंश होय, हा सिद्धांत गीतेच्या पंधराव्या अध्यायाचे नित्य पठण करणाऱ्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. परंतु सर्वस्वी निराळ्या देशात, निराळ्या धर्माच्या आश्रयाने वाढलेल्या एका सत्पुरुषाने हाच विचार आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्याच प्रकरणात मांडला आणि आपल्या उपदेशापायी दोनदा कारावास भोगला, ही हकिकत आपल्याकडे फारशी कोणाच्या कानावर आलेली नसते. रब्बी श्नेऊर झल्मान हे त्या सत्पुरुषाचे नाव. रब्बी म्हणजे यहुद्यांचा धर्मगुरू. यहुदी समाज आपल्या देशाला अपरिचित नाही. कोकणातील बेने इस्राएल मंडळी, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावकरी शनवार तेली म्हणत, आणि कोचीनचे यहुदी हे शतकानुशतके आपले शेजारी होते. तथापि ज्या परंपरेची ही कथा आहे ती पूर्व युरोपातील बर्फाळ खेड्यांत जन्मास आली.

इ. स. १७४५ च्या सप्टेंबर महिन्यात व्हितेब्स्क नगराजवळील लिओझ्ना या गावी श्नेऊर झल्मान यांचा जन्म झाला. तो मुलूख तेव्हा पोलंड-लिथुआनियाच्या राज्यात होता. १७७२ मध्ये तो रशियाकडे गेला आणि आज तो बेलारूस देशात मोडतो. पित्याचे नाव बारूख, मातेचे रिव्का. यहुद्यांचे धर्मशास्त्र तालमूद नावाच्या अवाढव्य ग्रंथात साठविलेले आहे. मोठमोठे पंडित ज्यात आयुष्य घालवितात त्या सागरात हा मुलगा लहानपणीच निर्भयपणे वावरू लागला. पंधराव्या वर्षाच्या सुमारास व्हितेब्स्कच्या एका धनाढ्य गृहस्थाची कन्या स्टेर्ना हिच्याशी त्यांचा विवाह झाला. सासऱ्यांना जावयाच्या विद्वत्तेचा मोठा अभिमान. अन्नवस्त्राची चिंता नाही, घरात ग्रंथ भरपूर, गावात मान. संसारी माणसास याहून अधिक काय हवे असते!

परंतु विशीच्या उंबरठ्यावर या तरुणाच्या मनाला एक रुखरुख लागली. शास्त्र मुखोद्गत झाले, प्रार्थना मात्र ओठांवरच राहते, हे त्यांना कळून चुकले. त्या काळी विद्येसाठी जावयाचे तर विल्ना नगरीत, जेथे गाओन या पदवीने विख्यात असलेले महापंडित एलिया राहत असत. आणि प्रार्थना शिकावयाची तर दक्षिणेकडे व्होलिन प्रांतातील मेझेरिच गावी, मग्गिद म्हणजे प्रवचनकार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रब्बी डोव्ह बेर यांच्याकडे. श्नेऊर झल्मान यांनी विचार केला की अभ्यास कसा करावा हे आपल्याला थोडेबहुत येते. प्रार्थना कशी करावी हे मुळीच येत नाही. १७६४ मध्ये ते मेझेरिचला निघाले. सासऱ्यांना हे रुचले नाही. स्टेर्नेने मात्र संमती दिली. परंपरेत तिच्या या संमतीचे स्मरण आदराने केले जाते, आणि ते योग्यच आहे. साधकाच्या मार्गातील निम्मे कष्ट पुष्कळदा मागे घर सांभाळणाऱ्याच्या वाट्याला येतात आणि चरित्रात त्याला जेमतेम एक ओळ मिळते.

मग्गिद हे रब्बी इस्राएल यांचे शिष्य व वारस. हे इस्राएल बाल शेम तोव्ह या नावाने प्रसिद्ध असून १७६० मध्ये त्यांनी देह ठेवला होता. त्यांच्या पूर्वीच्या शतकात पोलंड आणि युक्रेनच्या यहुद्यांवर भयंकर कत्तली ओढवल्या होत्या. समाज दरिद्री झाला, आणि शास्त्र जाणणारे थोडे व न जाणणारे असंख्य यांच्यात खोल दरी पडली. पाणक्या, गाडीवान, कलाल यांना वाटू लागले की देव पंडितांचाच आहे. बाल शेम तोव्ह यांनी त्यांना धीर दिला. भोळ्या माणसाची कळकळीची हाक देवाला पंडिताच्या पाठाइतकीच प्रिय आहे आणि आनंदाने केलेली उपासना हीच खरी, असा त्यांचा उपदेश होता. पंढरीच्या वाटेवर टाळ-मृदंगाच्या नादात चालणाऱ्या आपल्या मंडळींना यात परके असे काही वाटू नये. या मार्गाच्या अनुयायांना हसीद, म्हणजे भक्त, असे नाव पडले.

मेझेरिचला जमलेल्या शिष्यांत श्नेऊर झल्मान वयाने लहान, पण शास्त्रात अग्रेसर. गुरूंनी त्यांची जोडी आपला पुत्र अब्राहाम याच्याशी घालून दिली. एकाने शास्त्र शिकवावे, दुसऱ्याने गूढविद्या, अशी ही देवघेव होती. अब्राहाम इतके विरक्त होते की लोक त्यांना देवदूत म्हणत. पुढे पंचविशीच्या सुमारास यहुदी आचारधर्माची नवी संहिता रचण्याचे काम गुरूंनी श्नेऊर झल्मान यांच्यावरच सोपविले. भक्तिमार्ग धरला म्हणून शास्त्र सुटले, असे त्यांच्या बाबतीत कधीही झाले नाही.

त्यांना मिळालेल्या गूढविद्येचे नाव कब्बाला. जीवाविषयी तिच्यात जो विचार आहे तो येथे काहीसा विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण पुढील सर्व चरित्र त्याच्यावर उभे आहे. प्राचीन यहुदी भाष्यग्रंथांत जीवाची पाच नावे आढळतात: नेफेश, रुआख, नेशामा, खया आणि येखिदा. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये प्रकट झालेल्या झोहर या ग्रंथात पहिल्या तिहींचा मोठा विचार आहे. सोळाव्या शतकात गॅलिलीच्या डोंगरातील सफेद नगरीत रब्बी इसहाक लुरिया (१५३४–१५७२) आणि त्यांचे शिष्य हाईम व्हिटाल यांनी पाचही नावांची चढती श्रेणी लावून दिली. नेफेश म्हणजे देहाला चालविणारी प्राणशक्ती; तिचे क्षेत्र कर्म. रुआख म्हणजे वारा. तिचे क्षेत्र भाव, अर्थात प्रेम आणि आदरयुक्त भय. नेशामा म्हणजे श्वास. तिचे क्षेत्र बुद्धी. या तिन्ही देहात वास करतात. चौथी खया, म्हणजे जिवंत. ती देहात मावत नाही. देहाला वेढून राहते, आणि बुद्धीच्याही मागे असणारा मूळ संकल्प तिच्या प्रांतातला. आणि पाचवी येखिदा. या शब्दाचा अर्थ एकमेव. परमेश्वराचे एकमेवत्व सांगणारा जो हिब्रू शब्द आहे, त्याचेच हे स्त्रीलिंगी रूप होय. जीवाच्या या अंतिम स्थानी कर्म, भाव, बुद्धी, संकल्प असे भेदच उरत नाहीत. तेथे जीव परमेश्वराचा विचार करीत नाही, त्याच्याकडे जातही नाही. तो त्याच्यापासून निराळा झालेलाच नसतो.

वाचकांना येथे तैत्तिरीय उपनिषदातील पंचकोशांची आठवण होईल. साम्य आहे, पण घाईने दोन्ही एक समजू नयेत. कोश ही आत्म्यावरील आवरणे होत. ती दूर सारून आत्मा जाणावयाचा असतो. कब्बालेतील पाचही पायऱ्या खुद्द जीवाच्याच आहेत, आणि खालची पायरी टाकून वरची गाठावयाची नसते. येखिदेचा प्रकाश अखेर नेफेशेत, म्हणजे हाताने केलेल्या साध्या कर्मात उतरला पाहिजे, असा तेथे आग्रह आहे. या पायऱ्या माणूस साधनेने एकेक करून कमावितो, असे सफेदच्या आचार्यांचे सांगणे होते. हसीद मंडळींनी, आणि विशेषतः श्नेऊर झल्मान यांच्या संप्रदायाने, यात एका गोष्टीवर भर दिला. प्रकट होवो वा न होवो, येखिदा प्रत्येकाच्या ठायी पहिल्यापासून अखंड आहे. तिला पाप शिवत नाही. ती मिळवावयाची नाही, झाकलेली आहे ती उघडी व्हावयाची आहे.

हा विचार ऐकावयास गोड आहे, पण त्याने यहुदी समाजात वणवा पेटविला. अशिक्षिताच्या अंतरीही जर सर्व काही आहे, तर मग शास्त्राचे काय, आचाराचे काय, असा विल्नाच्या पंडितांचा प्रश्न होता. आणि तो क्षुल्लक नव्हता. शंभर वर्षांपूर्वी शब्बताय त्झ्वी नावाच्या एका खोट्या मसीहाच्या नादाने त्यांचा समाज होरपळून निघाला होता. १७७२ मध्ये विल्ना येथे हसीदांवर बहिष्कार पुकारला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस मग्गिद निवर्तले. गुरूचे छत्र हरपले आणि डोक्यावर बहिष्कार. अशा स्थितीत श्नेऊर झल्मान आणि त्यांचे ज्येष्ठ गुरुबंधू व्हितेब्स्कचे रब्बी मेनाखेम मेंडेल हे दोघे समेटासाठी विल्नाला गेले. गाओनांनी त्यांना दार उघडले नाही. पुन्हा गेले, तरी नाही. गावातील प्रतिष्ठितांनी फारच गळ घातली तेव्हा गाओन नगर सोडूनच निघून गेले आणि हे दोघे परत फिरेपर्यंत आले नाहीत. ज्या नगरीत तरुणपणी विद्यार्थी म्हणून जाता आले असते तिच्या बंद दारावरून श्नेऊर झल्मान परतले. तरीही गाओनांच्या विद्वत्तेविषयी ते आयुष्यभर आदरानेच बोलत राहिले. मतभेद मात्र त्यांनी लपविला नाही.

१७७७ मध्ये मेनाखेम मेंडेल अनेक कुटुंबांसह पवित्र भूमीकडे निघून गेले. श्नेऊर झल्मान सीमेपर्यंत त्यांच्याबरोबर गेले आणि तेथून माघारी आले. व्हितेब्स्क व मोगिलेव्ह या प्रांतांतील हसीदांचा भार हळूहळू त्यांच्यावर येऊन पडला. देशांतर केलेल्या बांधवांसाठी दरसाल वर्गणी जमवून पाठविण्याचे कामही त्यांनी शिरावर घेतले. या वर्गणीने पुढे काय संकट आणले ते पुढे येईलच.

त्यांच्या पंथाला खबाद असे नाव आहे. प्रज्ञा, आकलन आणि ज्ञान या अर्थाच्या तीन हिब्रू शब्दांच्या आद्याक्षरांपासून ते झाले आहे. भावनेच्या भरात उड्या मारणे त्यांना पुरेसे वाटत नसे. बुद्धीने चिंतन करावे, चिंतनातून प्रेम उपजावे, प्रेमातून कर्म घडावे, असा त्यांचा क्रम. पण बुद्धी जेथे थांबते तेथून पुढे गाणे नेते, हेही ते जाणत. त्यांनी शब्दरहित सुरावटी रचल्या. त्यांतील चार चरणांची एक सुरावट फार पवित्र मानली जाते. विवाहासारख्या ठराविक प्रसंगीच ती गातात. चार चरण म्हणजे सृष्टीचे चार लोक, एकावर एक चढत जाणारे.

लिओझ्नाला लोकांची रीघ लागली. शिष्याने गुरूला एकांतात भेटून मनातील मळ सांगावा, अशी हसीदांची रीत. या एकांतभेटीला येखिदूत म्हणतात. शब्द येखिदेच्याच कुळातला आहे. अशा भेटींसाठी इतकी गर्दी होऊ लागली की कोणी वर्षातून किती वेळा यावे याचे नियम करावे लागले. येणाऱ्यांचे प्रश्न बहुधा तेच असत. प्रार्थनेत मन ठरत नाही. वाईट विचार येतात. व्यापारात दिवस जातो. आपल्या हातून काही होणार नाही असे वाटून उदासी येते. प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर देणे अशक्य झाले, तेव्हा त्यांनी उत्तरे लिहून काढली. त्या हस्तलिखितांचा ग्रंथ १७९६ मध्ये स्लाविता येथे छापला गेला. पहिल्या शब्दावरून त्याला तान्या म्हणतात. पहिल्या आवृत्तीवर त्यांनी आपले नावही घातले नाही.

इतके गूढ ज्ञान असे चव्हाट्यावर मांडावे काय, अशी शंका पुष्कळ वर्षांपूर्वी मेझेरिचलाच निघाली होती. गूढविद्येचे एक पान पायदळी पडलेले पाहून एक ज्येष्ठ सत्पुरुष संतापले, तेव्हा तरुण श्नेऊर झल्मान यांनी एक दृष्टांत सांगितला असे म्हणतात. एका राजाचा एकुलता एक पुत्र मरणोन्मुख झाला. राजमुकुटातील मध्यमणी कुटून पाण्यात घालून पाजावा, एवढाच उपाय उरला. मुलाचे ओठ घट्ट मिटलेले. जवळजवळ सारे औषध भुईवर सांडणार. राजाने सांगितले की मणी कुटा, ओता, कदाचित एक थेंब आत जाईल. मुलगाच गेला तर मुकुट घेऊन काय करावयाचे? दृष्टांत ऐकून ते ज्येष्ठ शांत झाले.

तान्या हा ग्रंथ संतांसाठी नाही, आणि हीच त्याची थोरवी, असे आम्हाला वाटते. ग्रंथकारांनी माणसांचे तीन वर्ग मानले: सिद्ध, दुर्जन आणि मधले. त्रेपन्न प्रकरणांचा पहिला भाग त्यांनी मधल्यांसाठी लिहिला. प्रत्येकात दोन जीव आहेत, एक पशुवृत्तीचा व एक दैवी. एखाद्या छोट्या नगरीवर दोन राजांनी हक्क सांगावा तसा दोघांचा देहावर झगडा चालतो. सिद्धाच्या ठायी पशुवृत्ती मेलेली असते. मधल्याच्या ठायी ती जिवंत असते, पुन्हा पुन्हा उठते. पण विचार, वाणी आणि कृती ही जी जीवाची तीन वस्त्रे, ती तो तिला अंगावर चढवू देत नाही. मनात वाईट लहर उठली म्हणून तो स्वतःला पतित मानीत नाही, ती परतवतो आणि कामाला लागतो. असे आयुष्यभर झगडत राहणे हेच कदाचित देवाने त्याला नेमून दिलेले काम असेल, असे श्नेऊर झल्मान सांगतात. गीतेच्या सहाव्या अध्यायात मनाच्या चंचलपणाविषयी अर्जुनाने जी तक्रार केली ती ज्यांना आपली वाटते, त्यांना हा ग्रंथ परका वाटणार नाही.

मग अशा माणसाने बळ कोठून आणावे? येथे ते जीवाच्या तळाकडे बोट दाखवितात. अगदी उडाणटप्पू, धर्मकर्माची पर्वा नसलेला यहुदीसुद्धा, एकमेव परमेश्वराला नाकार नाहीतर मर, अशी वेळ आली की मरण पत्करतो. इतिहासात असे हजारो झाले. त्यांनी कोणते शास्त्र वाचले होते? कोणते चिंतन केले होते? हे बळ विचारातून येत नाही. ते अंतरीच्या एका गुप्त प्रेमातून येते, पूर्वजांकडून वारशाने आलेल्या आणि निजलेल्या. दिव्याची ज्योत वर झेपावते. वातीपासून सुटली तर आपण विझू हे ठाऊक असावे तशी, तरीही वरच झेपावते. जीवाचा स्वभाव तसा आहे. जे प्रेम मरणाच्या क्षणी जागे होते ते आज, या दुकानात, या स्वयंपाकघरात जागे करता येणार नाही काय? जो देवासाठी प्राण देईल, त्याला देवासाठी एक लहानसा मोह सोडणे अवघड का जावे? तान्यातील हे विवेचन पुढे त्यांच्या प्रवचनांतून व त्यांच्या संप्रदायातून येखिदेच्या नावाने विस्तारले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हा दैवी जीव ते आपल्या लोकांच्या वंशपरंपरेशी जोडतात. सर्वांभूती एकच ईश्वर पाहण्यास शिकविणाऱ्या आपल्या शास्त्राशी हे जुळत नाही, आणि ते जुळते असे भासविणे सत्याला सोडून होईल. पण आपल्या लोकांपुरता का होईना, त्यांनी काढलेला निष्कर्ष लक्षात घेण्याजोगा आहे. बत्तिसाव्या प्रकरणात ते सांगतात की देह निरनिराळे असले तरी जीव मुळात एक आहेत; जो देहाला मुख्य मानतो त्याला दुसऱ्यावर निर्हेतुक प्रेम करताच येणार नाही. हिब्रूत अक्षरांना संख्या असतात, आणि हृदय या शब्दाची संख्या बत्तीसच भरते. जाणत्यांना या योगायोगाचे मोठे कौतुक वाटते.

या शिकवणीचे आचरण ते कसे करीत याची एक कथा त्यांच्या भक्तांत घरोघर सांगितली जाते. योम किप्पूर हा यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा महादिन. त्या दिवशी निर्जळी उपवास आणि अखंड प्रार्थना. इतर दिवशी तीन प्रार्थना असतात, शनिवारी चार, आणि या एकाच दिवशी पाच. जाणते सांगतात की या पाच म्हणजे जीवाच्या पाच पायऱ्या; सूर्यास्ताची पाचवी, दारे मिटण्याची प्रार्थना, ही येखिदेची. अशा दिवशी सारे गाव मंदिरात जमले असता श्नेऊर झल्मान यांनी अंगावरील प्रार्थनावस्त्र उतरविले आणि ते बाहेर पडले. गावाच्या टोकाला एक बाळंतीण एकटी पडली होती. घरची सर्व माणसे प्रार्थनेला गेलेली. त्यांनी लाकडे फोडली, विस्तव पेटविला, कढण शिजवून तिला भरविले. त्या दिवशी विस्तवाला हातही लावावयाचा नसतो. पण जीव वाचविण्यापुढे शास्त्राने सर्व निषेध मागे घेतले आहेत, आणि हे शास्त्र त्यांच्याइतके तेथे कोणाला ठाऊक होते? मग ते परत येऊन प्रार्थनेला उभे राहिले.

दुसरी कथा त्यांच्या घरातली. पुत्र डोव्ह बेर खालच्या मजल्यावर अध्ययनात इतके बुडाले होते की शेजारच्या पाळण्यातून मूल खाली पडून रडू लागले तरी त्यांना कळले नाही. श्नेऊर झल्मान वरच्या मजल्यावर अध्ययनातच होते. ते खाली आले, मुलाला उचलून निजविले, आणि मागाहून मुलाला समज दिली की माणूस कितीही खोल गेलेला असो, लेकराचे रडणे त्याला ऐकू आलेच पाहिजे.

या परंपरेचे एक घर मुंबईत कुलाब्याला नरिमन हाऊसमध्ये होते. २००८ च्या नोव्हेंबरात दहशतवाद्यांनी त्यात शिरून तेथील तरुण रब्बी, त्यांची पत्नी आणि पाहुणे यांना ठार केले. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा सांभाळणारी भारतीय दाई जागा शोधून लपली होती. मुलाच्या हाका ऐकून ती वर गेली आणि त्याला उचलून घेऊन बाहेर पडली. ती यहुदी नव्हती. कोणते प्रकरण वाचून ती वर गेली होती?

पुन्हा मूळ कथेकडे वळू. १७९७ मध्ये विल्नाचे गाओन निवर्तले. वैर ओसरण्याऐवजी भडकले, आणि कोणीतरी सरकारकडे तक्रार नेली की श्नेऊर झल्मान गुप्त पंथ काढून राज्याविरुद्ध कारस्थान करतात व तुर्काच्या मुलखात पैसा पाठवितात. पैसा जात होता, हे खरेच. तो पवित्र भूमीतील दरिद्री बांधवांचा होता, आणि ती भूमी तुर्की सुलतानाकडे होती. १७९८ च्या ऑक्टोबरात त्यांना पकडून सेंट पीटर्सबर्गच्या किल्ल्यात डांबले. झार पहिला पॉल याचे ते राज्य. राजद्रोहाचा आरोप म्हणजे मरणच. अधिकाऱ्यांच्या प्रश्नांना त्यांनी हिब्रूत सविस्तर लेखी उत्तरे दिली. ज्याने उभा जन्म अकथनीय अशा एकत्वाचे चिंतन केले, त्याला पोलिसी कारकुनांसाठी आपला धर्म मुद्देसूद मांडावा लागला.

या दिवसांच्या दोन कथा भक्तमंडळी सांगतात. एकदा त्यांना नावेतून नेत असता आकाशात चंद्रकोर दिसली. चंद्राला पाहून प्रार्थना म्हणण्याची त्यांची रीत. त्यांनी नाव थांबविण्यास सांगितले; अधिकाऱ्याने नकार दिला. नाव आपोआप थांबली. पण त्यांनी प्रार्थना म्हटली नाही. नाव पुन्हा चालू लागल्यावर त्यांनी पुन्हा विनंती केली, आणि अधिकाऱ्याने आपखुषीने थांबविली तेव्हाच म्हटली. चमत्काराच्या जोरावर धर्मकृत्य करावयाचे नाही. ते चालत्या जगात, माणसाच्या संमतीने झाले पाहिजे.

दुसरी कथा अशी. एका अधिकाऱ्याने त्यांना कोठडीत प्रश्न केला की सर्वज्ञ देवाने लपलेल्या आदामाला तू कोठे आहेस असे का विचारावे? श्नेऊर झल्मान यांनी सांगितले की हा प्रश्न प्रत्येक माणसाला प्रत्येक काळी विचारला जातो. आणि त्या अधिकाऱ्याचे जेवढे वय होते तेवढी वर्षे नेमकी उच्चारून त्यांनी पुसले की इतकी वर्षे गेली, तू आपल्या जगात कोठवर पोहोचलास? अधिकाऱ्याने उसने हसू आणले, पण त्याचे काळीज थरथरले.

त्रेपन्न दिवस ते कोठडीत होते असे परंपरा मानते. ग्रंथाच्या पहिल्या भागाची प्रकरणेही तितकीच. नोव्हेंबरात, यहुदी पंचांगातील किस्लेव्ह महिन्याच्या १९ व्या दिवशी, ते निर्दोष सुटले. गुरूची पुण्यतिथीही तीच. सुटकेनंतर त्यांनी पहिली काळजी घेतली ती आपल्या लोकांच्या जिभेची. गावोगावी पत्र धाडले की विरोधकांना हिणवू नका, शीळ घालू नका, विजयाने फुगू नका. याकोबाप्रमाणे, कृपा जितकी मोठी तितके आपण लहान व्हावे. ज्यांच्यापायी मरण दारात येऊन गेले त्यांच्याविषयी हे पत्र आहे.

१८०० मध्ये पिन्स्कच्या एका पदच्युत रब्बीने पुन्हा आरोप केले आणि पुन्हा अटक झाली. १८०१ च्या मार्चमध्ये झार पॉलचा खून झाला. त्याचा पुत्र अलेक्झांडर गादीवर आल्यावर त्यांना राजधानीतून जाण्याची मोकळीक मिळाली. त्यानंतर ते लियादी गावी राहिले, आणि त्यावरूनच लियादीचे रब्बी म्हणून ओळखले जाऊ लागले. तेथील वर्षे प्रवचनांत गेली.

१८१२ मध्ये नेपोलियन रशियावर चालून आला. फ्रेंचांच्या राज्यात यहुद्यांना समान हक्क मिळत, झारच्या राज्यात नाना निर्बंध. म्हणून कित्येक हसीद धर्मगुरू मनाने नेपोलियनच्या बाजूचे होते. श्नेऊर झल्मान यांनी मात्र झारचा पक्ष घेतला. नेपोलियन जिंकला तर लोक श्रीमंत होतील, पण त्यांची अंतःकरणे परमेश्वरापासून दुरावतील, असे त्यांना वाटे. लोकांनी दरिद्री राहावे असा कौल देणे गुरूला सोपे असते, असे कोणी म्हणेल. परंतु या कौलाची किंमत त्यांनी स्वतः मोजली. ऑगस्टमध्ये फ्रेंच सैन्य जवळ येताच सहासष्ट वर्षांचे हे वृद्ध कुटुंबकबिल्यासह गाड्यांतून निघाले, आणि कित्येक आठवडे थंडीवाऱ्यात पूर्वेकडे भटकत राहिले. हिवाळ्यात कूर्स्क प्रांतातील पेना नावाच्या खेड्यात येऊन ते थांबले, आणि तेथे आजारी पडले.

त्यांची कन्या देवोरा लेआ तीन वर्षांचे मूल मागे ठेवून फार पूर्वी वारली होती. त्या मेनाखेम मेंडेलला आजोबांनीच वाढविले. तो आता तरुण पंडित होऊन उशाशी बसला होता. आजोबांनी त्याला विचारले की छताची तुळई तुला दिसते काय? नातू चकित होऊन पाहू लागला. मग ते सांगू लागले की आपल्याला आता तुळई दिसत नाही. जिच्यामुळे तुळई आहे ती दैवी शक्तीच केवळ दिसते. सूर्यबिंबात किरण निराळे दिसत नाहीत, हा त्यांच्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागातला दृष्टांत. त्याच मुक्कामी, अंतकाळ जवळ असता, त्यांनी एक लहानसे टिपण लिहिले. त्यात खऱ्या नम्र जीवाचे काम काय ते सांगितले आहे: स्वतः शिकावे, दुसऱ्यास शिकवावे, आणि लोकांना त्यांच्या व्यवहारात साहाय्य व सल्ला द्यावा. तुळई दिसेनाशी झाल्यावरही लोकांचा व्यवहार त्यांच्या नजरेआड झाला नव्हता.

१८१२ च्या डिसेंबर महिन्यात, यहुदी पंचांगातील टेवेत महिन्याच्या २४ व्या तिथीस, शनिवार मावळल्यावर त्यांनी देह ठेवला. कूर्स्क प्रांतात यहुद्यांना वस्तीची मुभा नव्हती. पार्थिव देह बर्फातून दूर पोल्तावा प्रांतातील हादियाच गावी नेऊन दफन केला. ते स्थान आज युक्रेन देशात आहे. पुत्र डोव्ह बेर ल्युबाविच गावी स्थायिक झाले आणि पंथाला त्या गावाचेही नाव मिळाले. नातवाने आजोबांची प्रवचने संपादून १८४८ मध्ये प्रसिद्ध केली. तान्याचे वाचन त्या पंथात वर्षभर रोज थोडेथोडे करण्याची नेमणूक आहे. गृहस्थ मंडळी सकाळी कामास जाण्यापूर्वी तेवढा भाग वाचून घेतात. ग्रंथ दरवर्षी किस्लेव्हच्या १९ व्या दिवशी, त्यांच्या सुटकेच्या तिथीस, पुन्हा पहिल्या प्रकरणापासून सुरू होतो.